लाटणं मिळणार नाही

"लाटणं कुठाय?"

आईचा पहिला प्रश्न हाच होता. समोर संगमरवरी ओटा, त्यावर पिठाची हलकी भुरभुर, आणि आम्हा प्रत्येकापुढे एकेक पांढरा, मऊ, थोडा बसका गोळा. पन्नास वर्षं पोळ्या लाटलेल्या बाईपुढे असा गोळा ठेवायचा आणि "हातानं पसरवा" म्हणायचं, म्हणजे काय? ओट्यापलीकडे उभ्या असलेल्या घरच्या आजींना मराठीचा गंध नव्हता, पण प्रश्न बरोबर कळला. त्यांनी भिंतीला टांगलेलं हातभर लांबीचं लाटणं दाखवलं, "मात्तारेल्लो" म्हणाल्या, आणि तर्जनी डावी-उजवीकडे हलवली. ते पास्त्यासाठी. पिझ्झ्याला नाही.

आम्ही इटलीतल्या उम्ब्रियात होतो, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात. याच खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोने गावातलं त्यांचं स्मारक बघायचं आईच्या फार मनात होतं. मुक्काम जवळच्या एका शेतघरात होता. इटलीत अशा ठिकाणांना 'अ‍ॅग्रितुरिस्मो' म्हणतात. 1985 पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि त्याची मुख्य अट मला आवडली: शेती हाच मुख्य धंदा हवा, पाहुणे नंतर. त्यामुळे पिझ्झ्याचा वर्ग सुरू व्हायच्या आधी घरचा मुलगा ट्रॅक्टर लावून, हात धुऊन आला. शिकवणार आजी, भट्टी सांभाळणार तो आणि दुभाषा म्हणून माझी भाची, असा थाट.

लाटणं का नाही, याचं उत्तर गोळ्याच्या आत होतं. आजींनी एक गोळा सुरीनं कापून दाखवला. आत जाळी. बारीक, मध्यम, काही वाटाण्याएवढी भोकं. हे पीठ आदल्या रात्री मळलेलं होतं: मैद्यासारखं बारीक पांढरं पीठ, पाणी, मीठ आणि नखभर यीस्ट. खरंच नखभर. युरोपीय संघानं 2010 मध्ये नेपल्सच्या पिझ्झ्याची पारंपरिक कृती नोंदवून घेतली. तिच्यात एक लिटर पाण्याला 50 ते 55 ग्रॅम मीठ, सुमारे 1.8 किलो पीठ आणि यीस्ट फक्त 3 ग्रॅम आहे. आपल्याकडे झटपट पिझ्झ्याच्या नावाखाली चमचा-चमचा यीस्ट टाकतात आणि मग सगळ्या घरभर बिअरचा वास सुटतो. इथं यीस्ट कमी आणि वेळ जास्त.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पिठातल्या स्टार्चवर पिठातलीच अमायलेज नावाची विकरं काम करतात, त्यातून साखर सुटते. यीस्ट ती खातं आणि कार्बन डायॉक्साइड व अल्कोहोल बाहेर टाकतं. इतपत शाळेत शिकलेलं असतं. मला स्वतःला उशिरा कळलेली गोष्ट पुढची आहे: यीस्ट बुडबुडे तयार करत नाही. असलेले बुडबुडे फुगवतं.

द्रवाच्या पोटात अगदी नवा, सूक्ष्म बुडबुडा जन्माला घालणं फार अवघड असतं. बुडबुडा जितका लहान तितका पृष्ठताणामुळे त्याच्यावरचा दाब मोठा. तो फुगायच्या आधीच चिरडला जातो. सोड्याच्या ग्लासात बुडबुडे वाटेल तिथं उगवत नाहीत, काचेवरच्या बारीक ओरखड्यांतून किंवा कचऱ्याच्या कणावरून एका रांगेत वर येतात, त्याचं कारण तेच. तिथं हवेचा कण आधीच अडकलेला असतो. पिठात हे कण मळताना शिरतात. घडी घालायची, दाबायचं, पुन्हा घडी: प्रत्येक घडीत हवेचे असंख्य सूक्ष्म कण कोंडले जातात. त्यातला ऑक्सिजन यीस्ट लगेच संपवतं, नायट्रोजन मात्र तसाच राहतो आणि पुढे तयार होणारा सगळा कार्बन डायॉक्साइड या नायट्रोजनच्या बीजांत जाऊन बसतो. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या जाळीची पेरणी आदल्या रात्रीच्या मळण्यातच झालेली असते.

यीस्ट नुसतं वायू पुरवणारं आहे, हे नेपल्समध्येच सिद्ध करून दाखवलंय. तिथल्या फेडेरिको द्वितीय विद्यापीठातले एर्नेस्तो दी मायो हे पदार्थशास्त्रज्ञ. त्यांना यीस्टची अ‍ॅलर्जी. नेपल्समध्ये राहायचं आणि पिझ्झा खायचा नाही, ही शिक्षाच. त्यांच्या गटानं पीठ दाबपात्रात ठेवलं, दाबाखाली वायू पिठात विरघळवला आणि भाजता भाजता दाब हळूहळू सोडला. यीस्टचा कण नसताना पिझ्झा फुगला. हे काम 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या गटातला एक विद्यार्थी स्वतः पिझ्झा भाजणारा कारागीर होता, हे तर आणखी छान.

पण वायू कोंडून ठेवायला पिशवी लागते. ती पिशवी म्हणजे ग्लुटेन. बोलोन्याचे याकोपो बेक्कारी यांनी 1728 मध्ये ग्लुटेन वेगळं करून त्याविषयी सांगितलं. त्यांचा प्रयोग तुम्ही आज संध्याकाळी करू शकता. मैद्याचा घट्ट गोळा मळा, अर्धा तास ठेवा आणि नळाच्या बारीक धारेखाली धरून चोळत राहा. दुधासारखं पांढरं पाणी जाईल, तो स्टार्च. हातात उरेल ती करडी, चिवट, च्युइंगमसारखी ताणणारी वस्तू. गव्हातली ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिनं पाण्यात भिजून एकमेकांत गुंतली की हे जाळं होतं. ग्लुटेनिन ताणलं की मागं खेचतं, ग्लायाडिन वाहतं. पीठ एकाच वेळी रबरही असतं आणि चिक्कीचा गरम पाकही.

ज्वारीचा गोळा असाच धुवायला घेतला तर हातात काहीच उरणार नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून भाकरीला उकळतं पाणी लागतं: त्यानं थोडा स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. म्हणूनच भाकरी ताणता येत नाही, थापावी लागते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मला काय सांगतोस, विरी गेलेल्या पिठाची भाकरी करून दाखव." खरं आहे. जुन्या पिठाच्या भाकरीला थापता थापताच कडेनं भेगा पडतात, तिथं माझं विज्ञान कामाचं नाही.

तर गोळा. आजींनी बोटांची अग्रं गोळ्याच्या मधोमध ठेवली आणि दाबत दाबत कडेकडे नेली. कडेच्या दोन बोटं रुंद पट्टीला मात्र हात लावला नाही. मधला वायू जाऊन कडेत साठला. कड फुगीर, मध्य पातळ. मग तळव्यावर घेऊन, फिरवत, चकतीच्या वजनानंच ती ताणू दिली. लाटणं फिरवलं असतं तर कडेतलाही वायू पिळून निघाला असता आणि बुडबुड्यांच्या भिंती एकमेकींना चिकटल्या असत्या. आदल्या रात्रीपासूनचं यीस्टचं काम अर्ध्या मिनिटात वाया.

माझा गोळा फाटला. मी तो गोळा करून पुन्हा पसरवायला गेलो, तर बोटं उचलली की तो आकसून परत जागच्या जागी. जितका ताणावा तितका हट्टी. आजींनी माझ्याकडे बघितलंही नाही, गोळ्यावर एक वाडगा उपडा घातला आणि घड्याळाकडे बोट केलं. अर्ध्या तासानं तोच गोळा गुमान पसरला. पुन्हा गोळा वळताना ग्लुटेनचे धागे ताणले गेले होते. नुसतं ठेवलं की ते एकमेकांवरून हळूहळू घसरतात आणि ताण सैल होतो. कणीक भिजवून झाकून ठेवायची ती याचसाठी. आईनं मान हलवली. दोघींचं पहिलं एकमत इथं झालं.

भट्टी अंगणात होती, विटांची, घुमटाची, तीन तास ओकची लाकडं जाळून तापवलेली. मुलानं इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला: फरशी 400 अंश सेल्सिअसच्या जरा वर, घुमट त्याहून बराच जास्त. पिझ्झा आत गेला आणि दीड मिनिटाच्या आत बाहेर आला. मधे एकदा लांब दांड्याच्या फावड्यानं फिरवला, तेवढंच.

या दीड मिनिटात काय काय होतं! बुडबुड्यांतला वायू तापून प्रसरण पावतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. 78 अंशांच्या आसपास अल्कोहोल उकळू लागतं. मग पाण्याची वाफ. एका ग्रॅम पाण्याची सुमारे 1.7 लिटर वाफ होते. यीस्ट तर पंचावन्न-साठ अंशांनाच मेलेलं असतं, त्यामुळे भट्टीतल्या या फुगण्यात त्याचा हात फारसा नाही. ग्लुटेन घट्ट होऊन स्टार्च शिजेपर्यंत ही सगळी ढकलाढकली चालते, मग कड जिथल्या तिथं थिजते. मध्यभागी टोमॅटो आणि चीज असल्यानं तिथलं पाणी संपेपर्यंत तापमान 100 च्या आसपास अडकून राहतं. कडेवर सॉस नाही. ती झपाट्यानं वाळते, तापते आणि प्रथिनं व साखर यांची मैलार्ड अभिक्रिया सुरू होऊन रंग व वास येतो. बुडबुड्यांच्या पातळ भिंती आधी करपतात. कडेवरचे ते काळे ठिपके म्हणजे पोळीवरच्या डागांचेच भाऊबंद.

वरून येणारी उष्णता मुख्यतः प्रारणाची, म्हणजे तापलेल्या घुमटाकडून थेट किरणांनी येणारी, आणि प्रारण निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. घरचा ओव्हन 250 अंशांचा, म्हणजे 523 केल्विन. भट्टीचा घुमट 485 अंशांचा धरला तर 758 केल्विन. सेल्सिअसमध्ये दुपटीच्या आतला फरक, पण प्रारण जवळपास साडेचार पट. घरचा पिझ्झा वरून तांबूस होईपर्यंत खालून बिस्कीट होतो, ते यामुळेच.

मग 400 अंशांच्या फरशीवर खालची बाजू जळत कशी नाही? हा प्रश्न मी विचारला, तर मुलानं वीट हातात दिली. हलकी, सच्छिद्र. दोन वस्तू टेकल्या की मधल्या पृष्ठभागाचं तापमान किती होईल, हे दोन्हींची उष्णता देण्या-घेण्याची ताकद ठरवते. वीट उष्णता सावकाश सोडते. भौतिकशास्त्रज्ञ आन्द्रेई वार्लामोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये पिझ्झ्याच्या भौतिकीवर लेख लिहिला, त्यात हे गणित आहे: 330 अंशांच्या विटेवर पिझ्झा ठेवला तर टेकलेल्या जागी साधारण 208 अंश होतात, तेवढ्याच तापलेल्या पोलादावर मात्र 300 च्या घरात. म्हणजे कोळसा. पोलादी तळाच्या ओव्हनमध्ये तेच 208 हवे असतील तर 230 अंशांवर यावं लागतं आणि वेळ जवळपास तीन मिनिटं, 170 सेकंद.

चीजबद्दल थोडक्यात. मोझरेला ताणतं कारण दुधाचा गोठलेला चक्का आंबट करून, योग्य आम्लतेला, गरम पाण्यात ओढून त्याचे धागे केलेले असतात. केसीन या दुधातल्या प्रथिनांना जोडणारं कॅल्शियम त्यात पुरेसं उरलेलं असतं. पनीर उकळत्या दुधात आम्ल घालून फाडलेलं असतं, त्यातलं बरंच कॅल्शियम निवळीबरोबर जातं. ते वितळत नाही, नुसतं भाजतं. पनीर पिझ्झ्याला माझा विरोध नाही, फक्त तार येत नाही म्हणून तक्रार करू नये.

जेवण झाल्यावर आजींनी निखाऱ्यांवर एक जड गोल तबक ठेवलं. 'तेस्तो'. त्यावर उम्ब्रियातली जुनी रोटी, 'तोर्ता आल तेस्तो', भाजतात. आई उठून जवळ गेली, तबकावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले, ते नाचताना पाहिले आणि म्हणाली, "तापलं." आजी हसल्या.

पुण्याला परतल्यावर पंधरा दिवसांनी आईनं फ्रिजमध्ये रात्रभर पीठ ठेवलं. ओव्हनमध्ये लोखंडी तवा उपडा घालून तापवला. पहिला पिझ्झा खालून काळा झाला. वार्लामोव्हांचं गणित मी सांगूनही तिनं तवा आधी गॅसवर लाल होईपर्यंत तापवला होता. दुसऱ्यावेळी तवा 230 वर, वरचा ग्रिल चालू. कड फुगली. तिनं ती मोडून उजेडाकडे धरली, भोकं पाहिली आणि काही न बोलता खाल्ली.

एक गोळा उरला होता. तो तिनं ओट्यावर घेतला, खणातून लाटणं काढलं आणि माझ्यादेखत लाटून गॅसवर टाकला. सगळे बुडबुडे चेपून गेलेले, दोन्ही बाजू लगेच भाजून बंद झाल्या, आत वाफ कोंडली आणि पोळी टम्म फुगली. आत जाळी नाही, एकच मोठा बुडबुडा.

"हा लाटण्याचा," ती म्हणाली आणि चिमटा मारून वाफ सोडली.