चापड्याची खाच आणि फेसलेली मोहरी

'झूटोपिया २' हा बोलक्या प्राण्यांचा ॲनिमेशनपट नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. २०१६ च्या पहिल्या भागातल्या शहरात सगळी सस्तन प्राण्यांची वस्ती. या भागात गॅरी नावाचा निळा साप आहे. तो पिट व्हायपर (पिट म्हणजे खाच), आपल्या आंबोलीच्या चापड्या नावाच्या विषारी सापाचा भाऊबंद. त्यावर मोठ्यांचा शेरा ठरलेला, ‘सापाला कान नसतात, तो बोलणार काय!’ बोलायचं सोडा, पण बाहेरून दिसला नाही तरी आतला कान सापाला असतो. जमिनीची कंपनं आणि हवेतले खर्जातले आवाज त्याला कळतात. मला मात्र सांगायचंय ते त्याच्या खाचेबद्दल.

पावसाळ्यात रात्री आंबोलीच्या जंगलात मलबारी चापडा झुडपाच्या फांदीवर ढिम्म बसलेला असतो. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळट. लांबूनच बघा, पण नीट बघा: नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये आणखी एक खड्डा दिसेल, दोन्ही बाजूंना एकेक. हीच ती खाच. फुरसं आणि घोणस यांना तो नसतो. अजगराला तशा खाचा ओठांवर असतात.

खड्ड्यात एक पडदा ताणलेला असतो, जाडी मिलिमीटरच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढी. मागे हवेचा कप्पा, त्यामुळे पडद्यावरची ऊब डोक्यात झिरपून वाया जात नाही. उंदराच्या अंगातून निघालेले अवरक्त किरण पडद्यावर पडले की तेवढा भाग अंशाच्या काही हजाराव्या भागाने तापतो, आणि तेवढं पुरतं. तिथल्या चेतातंतूंच्या टोकांत टीआरपीए१ नावाचं प्रथिन आहे. ते तापलं की त्याचा आयनमार्ग, म्हणजे विद्युतभारित कणांची वाट, उघडतो, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि संदेश त्रिशाखी चेतेवाटे मेंदूकडे निघतो. लगेच पडद्यातलं केशवाहिन्यांचं दाट जाळं ती ऊब वाहून नेतं, नाहीतर उंदीर पळाल्यावरही त्याचा डाग तिथेच राहिला असता.

सापाच्या खाचेतलं हे प्रथिन २०१० मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ओळखलं. मिरचीचा तिखटपणा आणि उष्णता आपल्याला कशी कळते, या शोधासाठी २०२१ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, तेच हे. गंमत अशी की टीआरपीए१ आपल्यातही आहे. लोणच्यात फेसलेली मोहरी नाकात चढते ती याच प्रथिनामुळे!

या खाचेमुळे सापाला उष्णतेच्या कॅमेऱ्यासारखं लख्ख चित्र दिसतं, असं व्हिडिओंत सांगतात. ते अतिरंजित आहे. कौलातलं भोक मोठं असेल तर कवडशाच्या कडा पसरट होतात. खाचेचं तोंडही रुंद, म्हणून पडद्यावरचं चित्र धूसरच. मेंदूतल्या दृष्टिकेंद्रात डोळ्यांची आणि खाचांची माहिती एकावर एक येते, आणि त्यातून भक्ष्य कुठल्या दिशेला आहे ते पक्कं होतं. साप डूख धरतो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की या यंत्रणेला समोरच्या ऊबदार अंगाचं नाव-गाव कळत नाही. आणि चावलाच, तर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात.

चापडा बेडूकही खातो, आणि बेडूक तर थंड रक्ताचा. पण खाचेला ऊबच लागते असं नाही, फरक लागतो. समोर आजूबाजूपेक्षा गार वस्तू आली, तर पडदा किंचित निवतो आणि चेतातंतूंचे संदेश मंदावतात. पावसात भिजलेला बेडूक भोवतालच्या पानांपेक्षा जरा गार असेल, तर तेवढी मंदीही खबर ठरते.