बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर आणि आपली मराठी: गाडी कुठं अडली होती

"सेकंडहँड लॅपटॉप घेतला भाऊ, बायबल अभ्यासाले कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" यवतमाळ, वाशीम, बुलढाणा इकडल्या पाळकांच्या आणि तरुण संघाच्या ग्रुपवर हा प्रश्न फिरत असतो, आणि उत्तरंही ठरलेली, एक जण ई-सोर्ड म्हणतो, दुसरा लोगोस म्हणतो, तिसरा म्हणतो काहून डोकं खपवतो, मोबाईलवर आहे ना सगळं. पण त्या सॉफ्टवेअरात मराठी कोणती येते, अन् तीच का येते, आपल्या हातातली छापील काहून येत नाही, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते निवडीचा खरा प्रश्न तोच आहे, फीचरचा नाही. आणि त्याचं उत्तर शोधायला बरंच मागं जावं लागते.

मुळात हे सॉफ्टवेअर करतं काय? शब्द शोधून देतं. हे काम कॉम्प्युटरच्या सातशे वर्षं आधीपासून चालू आहे. 1230 च्या सुमाराला पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट शेर नावाच्या डॉमिनिकन माणसानं आपल्या मठातले भिक्षू कामाला लावून लॅटिन बायबलची शब्दसूची केली, म्हणजे अमुक शब्द कुठं कुठं येतो त्याची यादी, कॉन्कॉर्डन्स म्हणतात ते. तेव्हा अध्याय नुकतेच पडले होते पण ओव्यांना नंबरच नव्हते, मग त्यांनी प्रत्येक अध्यायाचे सात तुकडे कल्पून त्याला अक्षरं दिली आणि त्या अक्षरावरून जागा सांगायची. ओवीचे नंबर, जे आपण आज "योहान 3:16" असं सहज म्हणतो, ते नव्या कराराला, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाला, 1551 मध्ये रॉबेर एस्तिएन या छापखानेवाल्यानं लावले. ही गोष्ट बारकी वाटते पण आज स्क्रीनवर डावीकडं इंग्रजी आणि उजवीकडं मराठी सोबत सोबत सरकते ना, ती फक्त या नंबरांच्या भरवशावर सरकते, सॉफ्टवेअरला भाषा काही समजत नाही.

मग 1737 मध्ये लंडनचा अलेक्झांडर क्रूडन, एकट्यानं केली त्यानं इंग्रजी बायबलची सूची. आणि 1890 मध्ये अमेरिकेत जेम्स स्ट्राँग. या स्ट्राँगनं एक भारी काम करून ठेवलं, मूळ हिब्रू शब्दांना 1 ते 8674 आणि ग्रीक शब्दांना 1 ते 5624 असे नंबर दिले, आणि किंग जेम्स नावाच्या जुन्या इंग्रजी बायबलातला प्रत्येक शब्द त्या नंबराला बांधला, त्यामुळे ज्याला हिब्रूचं एक अक्षर येत नाही तोही मूळ शब्दापर्यंत पोचतो. आज फुकट सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी शब्दावर माऊस नेला की छोटी खिडकी उघडते, त्यात तो 1890 चाच माल असतो.

हे सगळे ग्रंथ आपल्याकडं होते का, तर होते, पण मोजक्या कपाटांत. स्टीफन हिस्लॉप 1845 ला नागपुरात आला, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम कामठी-नागपूरला उभं राहिलं, पुढं वऱ्हाडात अकोला-अमरावतीकडं अलायन्सवाले आले, यवतमाळात फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडं नाझरीन. पुस्तकं या मिशनच्या बंगल्यांत आणि शाळांत, आणि बहुतेक इंग्रजीत. यवतमाळात तर 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज, होती, म्हणजे बायबल अभ्यासाची अख्खी लायब्ररी दारव्हा-पांढरकवड्याच्या माणसाला एसटीच्या अंतरावर होती. 1983 ला ती सेमिनरी पुण्याला गेली. पुण्याच्या दृष्टीनं चांगलंच झालं असेल, पण इकडं खेड्यात उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, तयार करणाऱ्या पाळकाकडं मग उरलं एक बायबल, एखादं इंग्रजी भाष्य आणि स्वतःची वही.

कॉम्प्युटरकडं येऊ. 1949 मध्ये रोबेर्तो बुसा नावाचा इटलीचा जेझुइट फादर आयबीएमच्या थॉमस वॉटसनला न्यूयॉर्कात जाऊन भेटला, त्याला संत थॉमस अक्वायनसच्या लिखाणाची शब्दसूची करायची होती आणि हाताने होणारी नव्हती, तिथून पंचकार्डवर काम सुरू झालं आणि ते कैक वर्षं चाललं. बायबलच्या बाबतीत 1957 ला जॉन एलिसननं युनिव्हॅक मशीनवर आरएसव्ही नावाच्या इंग्रजी बायबलची सूची काढली. हे सगळं छापून पुस्तक काढायसाठीच होतं बरं का, मशीन फक्त मजूर होती.

घरच्या पीसीवर हे आलं 1980 च्या दशकात. किंग जेम्सचा नुसता मजकूर साधारण चार एमबीचा आणि फ्लॉपी त्याहून लहान, म्हणून दाबून-दाबून चार-पाच फ्लॉप्यांत भरायचे. कॅनडाच्या लॅरी पियर्सचं ऑनलाइन बायबल 1987 चं (नाव ऑनलाइन, पण चालते नेटशिवाय, लेकाचं!). मग विंडोज आल्यावर 1992 च्या आसपास लोगोस आणि बायबलवर्क्स, 1994 ला मॅकसाठी अकॉर्डन्स. ही सगळी पैशाची, डॉलरवाली, सेमिनरीच्या प्राध्यापकांसाठी. 2000 मध्ये रिक मेयर्सनं ई-सोर्ड फुकट काढलं आणि तिथून खरा फरक पडला. त्याच सुमारास क्रॉसवायरवाल्यांचं स्वोर्ड, हे ओपन सोर्स, त्याच्यावर विंडोज-लिनक्सला झायफॉस आणि बायबलटाइम चालतात, अँड्रॉइडवर अँडबायबल.

म्हणजे 2000-2001 ला सॉफ्टवेअर फुकटात उपलब्ध होतं, आणि नेमकं त्याच वेळी इकडं तालुक्याच्या ठिकाणी एमएस-सीआयटीचे क्लास उघडत होते, मास्तर लोक, पोट्टेपाट्टे सगळे माऊस धरायला शिकत होते. मग मराठी बायबल लगेच कॉम्प्युटरवर यायला पाहिजे होती ना? नाही आली. अडकली फाँटात.

त्या काळात आपल्याकडं मराठी टाइप व्हायची कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी असल्या फाँटात. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, मंडळीचे (म्हणजे चर्चचे) कार्यक्रमपत्र, सगळं. हे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा. कृतीदेवात "काम" असं दिसते पण फाइलच्या आत डी, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात, फाँट काढला की तेच उघडं पडते. छापायला काही अडचण नाही. पण शोधायला? सॉफ्टवेअर आत पाहते, वर नाही पाहत. श्रीलिपीतली फाइल कृतीदेवच्या कॉम्प्युटरवर नेली की नुसता कचरा. कोणी मेहनत करून अख्खा मत्तय (बायबलातलं एक पुस्तक) टाइप केला तरी तो शोधता येण्यासारखा मजकूर नव्हताच, फक्त चित्र होतं म्हणा.

यावर उपाय युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड. त्यात देवनागरी 1991 पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट आली विंडोज 2000 पासून, मंगल फाँटासोबत. त्यानंतर एक्सपी आली तर त्यात गंमत अशी की भारतीय भाषांचा सपोर्ट आपोआप चालू नसायचा, रीजनल सेटिंगमध्ये जाऊन टिक करायचं आणि मग ते एक्सपीची सीडी मागायचं. आता खेड्यातल्या असेंबल केलेल्या पीसीवाल्याकडं ओरिजिनल सीडी कुठून असणार! सीडी नाही म्हणून टिक नाही, टिक नाही म्हणून ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागं जाऊन बसते, जोडाक्षर फुटते, "ख्रिस्त" वाचताना माणूस वैतागते आणि म्हणते, आपली इंग्रजीच बरी. त्यात लोडशेडिंग, लाइन आली की कॉम्प्युटर चालू, गेली की धाडकन बंद. लॅपटॉप स्वस्त होईपर्यंत हे असंच चाललं.

युनिकोड आल्यावरही मराठीत शोधणं इंग्रजीसारखं सरळ नाही हे आजही लक्षात ठेवावं लागते. "पाणी" टाकलं तर "पाण्यात", "पाण्यावर" सापडत नाही, "माणूस" टाकलं तर "माणसाला" हुकते. म्हणून शब्दाचा न बदलणारा तुकडाच टाकायचा, "पाण" किंवा "माणस", जास्तीचं येईल ते डोळ्यानं गाळायचं. दुसरी भानगड "दुसऱ्या", "वाऱ्यावर" या शब्दांतल्या चंद्रकोरी र ची. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक ऱ चं वेगळं अक्षर घेऊन आणि एक साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कोड टाकून. डोळ्याला दोन्ही सारखेच, सॉफ्टवेअरला दोन वेगळे शब्द. मजकूर एका तऱ्हेनं आणि तुमचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेनं असला की उत्तर येते "काही सापडलं नाही", आणि माणूस समजते बायबलात तो शब्दच नाही. सॉफ्टवेअर टाकल्या टाकल्या पहिले हीच परीक्षा घ्यावी, मजकुरातला "दुसऱ्या"सारखा एखादा चंद्रकोरवाला शब्द तिथूनच कॉपी करून शोधायचा, मग तोच शब्द आपल्या हातानं टाइप करून शोधायचा.

फाँटाचं मिटलं तर हक्काचं राहिलं, आणि हे जास्त खोल आहे. फुकट सॉफ्टवेअरमध्ये एवढं जुनं साहित्य काहून असते, किंग जेम्स, स्ट्राँग, मॅथ्यू हेन्रीचं तीनशे वर्षांपूर्वीचं भाष्य? तर त्यावर आता कोणाचा कॉपीराइट नाही म्हणून. चांगलं आहे की वाईट हा वेगळा प्रश्न, फुकट आहे म्हणून आहे. नवी भाष्यं पाहिजे तर लोगोससारख्याला पैसे मोजा, 2024 पासून तर त्यांनी वर्गणीची पद्धतही आणली.

मराठीचा हिशेब पाहा. विल्यम कॅरे या मिशनरी साहेबानं बंगालमधल्या श्रीरामपूरहून मत्तयाचं शुभवर्तमान 1805 ला आणि नवा करार 1811 ला छापला, त्याच्या मदतीला फोर्ट विल्यम कॉलेजचे वैजनाथ पंडित होते. मग मुंबईत अमेरिकन मिशनवाल्यांनी नव्यानं काम केलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल असं उतरवलं, 1922 ला त्या गेल्या तोवर काम हातावेगळं झालं होतं. एका बाईनं मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं, हे आपल्या मंडळ्यांतच किती जणांना माहीत असेल शंका आहे. हे जुने सगळे आज हक्कातून मोकळे आहेत, पण मोकळा मजकूर कोणीतरी युनिकोडात अचूक टाइप करून तपासल्याशिवाय सॉफ्टवेअरच्या काय कामाचा, आणि भाषाही आताच्या पोट्ट्यांना जड जाते.

आपल्या हातात जी असते, बायबल सोसायटी ऑफ इंडियाची पवित्र शास्त्र, ती त्यांच्या हक्कातली. परवानगीनं ती फोनच्या ॲपमध्ये दिसते, यूव्हर्जनवर आहे, पण तिचं मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरात घालायची फाइल, करून पेनड्राइव्हवर वाटायचं म्हटलं तर तसा हक्क आपल्याला नाही. पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या कोणाच्या तरी हाताने बनवलेल्या मराठी मॉड्यूलबद्दल म्हणूनच सांभाळून, हक्काचं एक आणि चुकांचं दुसरं, ओवी गळालेली कळतही नाही. कॅथलिक मंडळींचं तिसरंच दुखणं. अमरावती-नागपूर धर्मप्रांतातल्या माणसाला 73 पुस्तकांचं बायबल लागते आणि यातली बहुतेक सॉफ्टवेअरं प्रोटेस्टंट घरातली, 66 वर थांबणारी. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल, ज्याला साहित्य अकादमीचा 2013 चा अनुवाद पुरस्कार मिळाला, ते वाचायला फार गोड आहे, पण ते कपाटातून काढून वाचायचं पुस्तक.

ही कोंडी फुटली ती इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, आयआरव्ही, मुळे. 2019 मधलं हे मराठी भाषांतर ब्रिज कनेक्टिव्हिटी सोल्युशन्स यांनी क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली मोकळं सोडलं, म्हणजे नाव सांगून आणि तीच अट पुढं ठेवून कोणीही कॉपी करावं, वाटावं, सॉफ्टवेअरात घालावं. म्हणून आज पीसीवरच्या फुकट सॉफ्टवेअरात मराठी शोधली की बहुतेक वेळा हीच हाती लागते. लोकांना वाटते सॉफ्टवेअरवाल्यानं ही चांगली म्हणून निवडली. तसं काही नाही, हीच मोकळी होती.

आणि पीसीच काहून, मोबाईल आहे ना, असं म्हणणाऱ्यांना एवढंच की 2016 ला जिओ आल्यावर वाचन मोबाईलवर गेलं हे खरं, पण चार खिडक्या उघड्या ठेवून संदेश टाइप करणं, छापणं, प्रोजेक्टरला लावणं हे लॅपटॉपवरच होते, आणि मेळघाटाकडं किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात रेंजचा भरवसा नसतो. तिथं नेटशिवाय चालणारं, फाइल पेनड्राइव्हवर नेता येणारं सॉफ्टवेअर पाहिजे. बायबलवर्क्ससारखं पंचवीस वर्षं चाललेलं, लोकांनी डॉलर मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर 2018 ला बंद पडलं, तेव्हा कंपनीच्या नावापेक्षा तुमच्या टिपा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का हे आधी पाहा.

माझं विचाराल तर जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवर ई-सोर्ड नाहीतर झायफॉस, डावीकडं स्ट्राँगच्या नंबरांसह किंग जेम्स, उजवीकडं आयआरव्ही, बस. फक्त मंडळीत वाचली जाते सोसायटीची आणि कॉपी होते आयआरव्ही, दोन्हींचे शब्द जागोजागी वेगळे, आणि पुढच्या बाकावरच्या आज्या पाठांतरवाल्या, त्या उपासना संपल्यावर टोकल्याशिवाय राहत नाहीत. तेव्हा शोधायचं सॉफ्टवेअरमध्ये आणि संदेशात उतरवायची ओवी छापील पुस्तकातून, हाताने टाइप करून. कीबोर्डला मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोड टाइपायची अक्षरांची मांडणी, लावून घ्या, आठवड्याभरात बोटं बसतात.