वीस बाय तीसचा प्लॉट आणि हरवलेला चौक

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडमध्ये आज कोणी वीस बाय तीसच्या प्लॉटवर 'गार घर' बांधायचं म्हणतं, तेव्हा अरुंद जागा ही नवी अडचण असल्यासारखं बोललं जातं. तसं नाही. पैठणच्या जुन्या गल्ल्यांतली घरंही भिंतीला भिंत लावूनच उभी आहेत. समोरून रुंदी बेताची, आत खोल, आणि मधोमध चौक, म्हणजे घराच्या आतलं वरून उघडं अंगण. शेजाऱ्याची भिंत म्हणजे फुकटची सावली. उजेड-वारा वरून, चौकातून यायचा.

त्या घरावर माळवद असे. तुळया, त्यांवर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दगड-मातीच्या भिंती दोन-तीन फुटी. दिवसाचं ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि तोवर माणसं अंथरूण घेऊन माळवदावर.

पण हे माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर माती टाकत राहावी लागे. थर वाढत गेला, वजनही. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दगडांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसतच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र, थकलेली माणसं घरात झोपलेली. भिंती फाकल्या आणि छतं अंगावर आली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे. त्यानंतर माळवदाची जी धास्ती बसली, तिला जुन्या घरांच्या प्रेमिकांनी नाकं मुरडू नयेत.

मग पत्रे आले, स्लॅब आले. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो.

शहरात प्लॉटिंगची गोष्ट वेगळी. औरंगाबादेत सिडकोने सत्तरच्या दशकापासून रो-हाऊस उभी केली. भोवताली शेतांचे गुंठे पडून वसाहती वाढल्या, त्या नियमित करायला २००१ साली गुंठेवारी कायदा करावा लागला. या छोट्या प्लॉटांवर प्रत्येक फूट खोलीत घातला गेला आणि चौक गेला.

आता आर्किटेक्ट तोच चौक जिन्याशेजारी पाच बाय सहाचा मागतात. वर झडपा, म्हणजे गरम हवा वरून निघून जावी. सहाशे फुटांतले तीस फूट. घरमालकाचं उत्तर ठरलेलं: तेवढ्यात एक संडास-बाथरूम बसलं असतं की!