टाकी उघडून दाखवली तरी संशय का जात नाही?

“शेजारी पाण्यात विष कालवतात,” असं घरातलं कुणी ठामपणे म्हणू लागलं की नातेवाईक टाकी उघडून दाखवतात. पुराव्याने भ्रम जातो, हा जुना समज. प्रत्यक्षात टाकी दाखवणाराच कटात सामील ठरतो, कारण मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या बिघाडात साध्या गोष्टींनाही भलता अर्थ चिकटतो. वाद नको, खोटा होकारही नको. “झोप उडालीय ना तुमची? त्यासाठी डॉक्टरांना भेटू,” एवढंच म्हणा, झोपेसाठी माणूस बऱ्याचदा तयार होतो. नाशिकमध्ये असाल तर तिथल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास, मोफत. औषधांचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटताच गोळ्या बंद केल्या (हे फार घडतं) की आजार उलटतो. मारहाण किंवा आत्महत्येची भाषा सुरू झाली, तर लगेच १०८ किंवा ११२.