केर्न्स: पुळण नसलेलं पर्यटन शहर

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात केर्न्सला लोक जातात ते ग्रेट बॅरिअर रीफ या समुद्रातल्या प्रवाळभिंतीसाठी. पण पहिल्याच संध्याकाळी अनेकांचा हिरमोड होतो, कारण शहरासमोर पुळणच नाही. ओहोटीला एस्प्लनेड या किनाऱ्यावरच्या फिरायच्या रस्त्यापुढे नुसता चिखल उघडा पडतो, त्यात चोची खुपसणारे पक्षी असतात आणि काठावर मगरींपासून सावध राहा म्हणून पाटी. 2003 मध्ये तिथे खाऱ्या पाण्याचा भलाथोरला तरणतलाव बांधला आणि सगळ्यांना फुकट खुला केला, ती गरजच होती.

ही जागा कुणी निसर्ग बघून निवडलेलीच नव्हती. यिडिंजी या मूळनिवासी लोकांच्या या भूमीवर 1876 मध्ये बंदर वसवलं ते आतल्या हॉजकिन्सन नदीकाठच्या सोन्यासाठी. खाडीत जहाजांना आडोसा होता, तेवढं पुरेसं होतं. पण वर्षभरातच उत्तरेला पोर्ट डग्लस उभं राहिलं, खाणींकडची वाट तिकडून सोपी निघाली आणि केर्न्सची रया गेली.

त्याला तारलं एका पावसाळ्याने. 1882 मध्ये पठारावरच्या हर्बर्टन गावी कथलाच्या खाणीतल्या लोकांची रसद चिखलात अडकली आणि उपासमारीची पाळी आली. रेल्वे हवीच, असा धोशा लोकांनी लावला. तीन बंदरांत ओढाताण झाली आणि 1884 मध्ये केर्न्सने बाजी मारली.

1886 मध्ये काम सुरू झालं. बॅरन नदीच्या घळीवरचे उभे कडे, दाट जंगल आणि वरून कोसळणारा पाऊस. 15 बोगदे खोदले ते कुदळ, फावडं आणि सुरुंगाच्या जोरावर. मजुरांत आयरिश आणि इटालियन पुष्कळ होते. अपघातांत आणि तापाने कितीतरी जण गेले. 1891 मध्ये गाडी 328 मीटर उंचीवरच्या कुरांडा गावाला पोचली. स्टोनी क्रीकचा लोखंडी पूल धबधब्याला अगदी खेटून आहे, आणि तिथे वळण एवढं जबर की खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. खनिज वाहायला बांधलेला हा मार्ग आज मुख्यतः पर्यटकांवर चालतो. माझ्या मते केर्न्समध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल, तर रीफ नव्हे, हा घाट बघावा. 1995 पासून याच जंगलावरून साडेसात किलोमीटरचा रोपवेही आहे. त्याचे खांब हेलिकॉप्टरने आणून उभे केले, म्हणजे रस्त्यासाठी झाडं पाडावी लागली नाहीत.

समुद्राचं पर्यटन रुजलं ते केर्न्सजवळच्या ग्रीन आयलंड या बेटावर, काचेच्या तळाच्या होड्यांतून. 1981 मध्ये रीफ जागतिक वारसा ठरली, 1984 मध्ये विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला, आणि मग परदेशी लोकांची रीघ लागली.

रेल्वेच्या घळीतल्या बॅरन धबधब्याचं पाणी मात्र 1930च्या दशकापासून विजेसाठी वळवलेलं आहे. कोरड्या महिन्यांत कड्यावर जेमतेम धार असते. खरा धबधबा बघायचा तर फेब्रुवारी-मार्चच्या भर पावसात जावं.