स्ट्रट की साधा शॉकअब्सॉर्बर? जुन्या गाडीसाठी शॉकअप घेताना

मारुती ८००, ओम्नी, झेन, इंडिका किंवा सँट्रो अशी पंधरा-वीस वर्षांची गाडी असलेला माणूस जळगाव किंवा धुळ्यातील सुट्या भागांच्या दुकानात जाऊन ‘शॉकअप द्या’ म्हणतो, तेव्हा दुकानदार हटकून विचारतो, ‘पुढचे की मागचे?’ हा प्रश्न केवळ जागेचा नसतो. या गाड्यांमध्ये पुढे बसतो तो स्ट्रट आणि मागे बसतो तो साधा शॉकअब्सॉर्बर. दोन्हींच्या पोटात तेल, पिस्टन आणि झडपा असतात, दोन्हींतून चकचकीत दांडा बाहेर येतो आणि दोन्ही निकामी झाले की गाडी उसळते, त्यामुळे ही एकाच मालाची दोन मापे आहेत असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात साध्या शॉकअबचे काम उसळी आवरण्यापुरतेच असते, तर स्ट्रटच्या आधाराने पुढचे चाक उभे असते. पैसे कुठे वाचवावेत, जुना माल कुठे चालेल आणि सोबत आणखी काय घ्यावे, हे सारे या एका फरकावर ठरते.

आधी दोघांचे समान काम पाहू. गाडीचे वजन शॉकअब पेलत नाही. ते स्प्रिंग किंवा पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या) पेलतात. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग सुटताना गाडीला वर फेकते, पुन्हा दबते, पुन्हा फेकते. शॉकअबमधला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून जबरदस्तीने ढकलतो आणि या हालचालीतील ऊर्जेची उष्णता करून टाकतो. म्हणूनच खराब रस्त्यावर लांबचा प्रवास करून थांबल्यावर शॉकअबची नळी हाताला गरम लागते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. त्यात तेल आणखी पातळ होते आणि आधीच झिजलेला शॉकअब दुपारी जास्त ढिला वाटतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे गावरस्ते नुसते फुटत नाहीत तर लाटांसारखे होतात. खड्ड्याचा धक्का एकदाच बसतो, पण अशा लाटांवर शॉकअबला सलग राबावे लागते.

साधा शॉकअब्सॉर्बर समजायला सोपा आहे. ८०० आणि झेनच्या मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस, कॉइल (वेटोळ्यांची) स्प्रिंग आणि तिच्याजवळ वेगळा उभा शॉकअब असतो. ओम्नीच्या मागे कॉइलऐवजी पाटे असतात. आसाला जागेवर धरण्याचे काम वेगळ्या जोडदांड्यांचे किंवा पाट्यांचे असते. शॉकअब फक्त एका टोकाला गाडीच्या अंगाला आणि दुसऱ्या टोकाला आसाला रबरी बुशांनी जोडलेला असतो. तो काढून ठेवला तरी चाक आपल्या जागी राहते. गाडी भयंकर हिंदकळेल आणि ती तशी चालवू नयेच, पण चाक वाकडे होणार नाही.

स्ट्रटचे तसे नाही. या रचनेला अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याचे नाव आहे आणि फोर्डच्या ब्रिटनमधील कॉन्सल व झेफर या गाड्यांमधून १९५० मध्ये ती गाजली. चाक धरणाऱ्या वरच्या आर्मला तिने रजा दिली, त्यामुळे जागा आणि खर्च दोन्ही वाचले. छोट्या गाडीत इंजिन आडवे बसवायला याच मोकळ्या जागेचा उपयोग झाला. पण त्या आर्मचे काम कोणीतरी करायलाच हवे होते, ते शॉकअबच्या नळीकडे आले. स्ट्रटच्या खालच्या भागावर जाड पत्र्याचे कान असतात आणि ते सहसा दोन बोल्टांनी चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) घट्ट बसतात. नळीवरच स्प्रिंगची बैठक वेल्ड केलेली असते. वर दांडा माउंटिंगमधून (रबरी आधारातून) जाऊन बॉनेटखालच्या पत्र्याच्या मनोऱ्यात अडकतो. स्टिअरिंग फिरवले की अख्खा स्ट्रट फिरतो, म्हणून वर एक बेअरिंगही लागते. ब्रेक मारताना आणि वळणावर चाकावर येणारा आडवा जोर थेट या दांड्यावर पडतो. त्यामुळेच साध्या शॉकअबचा दांडा साधारण बोटाएवढा जाड असतो, तर स्ट्रटचा अंगठ्याएवढा किंवा त्याहून जाड. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना वळणावर ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते, तेव्हा पुढचे दोन स्ट्रट उसळीही आवरत असतात आणि चाकांचा उभा कोनही सांभाळत असतात.

फसगत होण्याची एक जागा आहे. शॉकअबवर स्प्रिंग चढवलेली दिसली म्हणजे तो स्ट्रटच, असे नाही. इंडिकाच्या मागच्या बाजूला स्प्रिंग शॉकअबवरच असते, पण तिथे चाक धरतो तो वेगळा आर्म. जुन्या पद्मिनीच्या पुढच्या बाजूलाही कॉइल स्प्रिंग आहे, तरी वर-खाली चाक धरणारे दोन विशबोन (त्रिकोणी आर्म) असल्यामुळे तिथला शॉकअब साधाच ठरतो. ओळखायचे ते स्प्रिंगवरून नव्हे, तर खालच्या जोडणीवरून. खाली एकच डोळा, त्यात रबरी बुश आणि एक बोल्ट असेल तर तो सहसा साधा शॉकअब. नळीच थेट नकलला बोल्टांनी आवळलेली असेल तर तो स्ट्रट.

लक्षणेही यामुळे वेगळी पडतात. ‘गाडी भलती उड्या मारस, भो’ ही तक्रार दोन्हींची असू शकते. टायरवर हात फिरवल्यावर जागोजागी खोलगट झीज जाणवणे हेही दोन्हींचे लक्षण आहे. नळीच्या वरच्या भागावर धुळीने माखलेला तेलाचा पुसट थर दिसला म्हणून घाबरू नये, दांड्यासोबत थोडे तेल बाहेर येतच असते. तेल ओघळून तळापर्यंत ओले झाले असेल तरच सील गेले असे समजावे. मात्र स्टिअरिंग जागेवर फिरवताना ‘टण्ण’ आवाज येणे, ते जड होणे, वळणानंतर आपोआप सरळ न येणे ही स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगची किंवा माउंटिंगची लक्षणे आहेत आणि मागच्या शॉकअबशी त्यांचा संबंध नाही. अशा वेळी स्ट्रट चांगला असूनही तो बदलला जातो आणि दोनच दिवसांत आवाज परत येतो. एकाच पुढच्या टायरची आतली कड खाल्ली जात असेल तर वाकलेल्या स्ट्रटचाही संशय घ्यावा. हे तपासायला जाणकार मिस्त्री स्ट्रट गाडीवरच ठेवून वरचा मधला नट सुटू न देता किंचित ढिला करतो, दांडा पान्याने हळू फिरवतो आणि टायरच्या वरच्या कडेवर नजर ठेवतो. दांडा सरळ असेल तर कड स्थिर राहते, वाकलेला असेल तर ती आत-बाहेर सरकते.

आता खरेदी. साध्या शॉकअबमध्ये निवडीला वाव आहे. मूळ कंपनीच्या डब्यातला माल मिळाला तर उत्तमच, पण गॅब्रिएल, मनरो यांसारख्या शॉकअब बनवणाऱ्या कंपन्यांचा बाजारातला मालही निर्धास्त घ्यावा. गॅब्रिएल इंडिया तर १९६१ पासून हेच काम करते आहे. जुन्या अॅम्बेसिडरसारख्या गाडीचा मागचा शॉकअब कुठेच मिळाला नाही, तर नवे सील घालून, दांड्यावर पुन्हा क्रोम चढवून दुरुस्त केलेला एखादा वेळ चालवून घेता येतो. तो लवकर गळेल, पण गळण्यापलीकडे मोठा घात करणार नाही. नळीला भोक पाडून तेल भरून वेल्ड मारणे ही मात्र दुरुस्ती नव्हे. आतल्या झडपा तशाच झिजलेल्या राहतात, आणि शॉकअब गॅसचा असेल तर दाबाखालची नळी कापणे धोक्याचे आहे.

स्ट्रटच्या बाबतीत ही सूट मी अजिबात देणार नाही. बैठकीजवळ किंवा खालच्या कानांजवळ नंतर पुन्हा वेल्डिंग केलेला स्ट्रट घेऊ नये. भंगारातून काढलेला स्ट्रट तर त्याहून वाईट, कारण ती गाडी भंगारात गेली ती बहुधा समोरून ठोकली गेली म्हणूनच, आणि डोळ्यांना न दिसणारा थोडासा वाकही चाकाचा कोन बिघडवतो. काही जुन्या रचनांमध्ये नळीच्या तोंडावरचा मोठा नट उघडून आतले कार्ट्रिज (शॉकअबचा आतला सुटा संच) तेवढे बदलता येते; तसे असेल आणि मूळ नळी सरळ असेल तर तो मार्ग चांगला आहे. एरवी नवा स्ट्रट, तोही जोडीनेच. जोडीचा नियम साध्या शॉकअबलाही लागू आहे, पण एक फरक लक्षात ठेवावा: मागचे शॉकअब बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच असतात, तर ब्रेकच्या होजचा (लवचीक नळीचा) किंवा लिंक रॉडचा (जोडदांड्याचा) कान आणि स्प्रिंगच्या टोकाची खाच यांमुळे स्ट्रट डावा-उजवा वेगळा असतो. एकाच बाजूचे दोन डबे घरी आले तर गॅरेजचा सबंध दिवस वाया जातो.

दुकानात गाडीचे नाव आणि साल एवढ्यावर थांबू नये. अगदी सुरुवातीच्या ८०० ला मागे पाटे होते, १९८६ च्या नव्या आकाराच्या गाडीपासून कॉइल आली; नाव मात्र तेच राहिले. झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत प्यूजोचे जड इंजिन होते, त्यामुळे पेट्रोलच्या गाडीचा पुढचा भाग तिथे बसला तरी तो योग्य असेलच असे नाही. चासी क्रमांकावरून पार्ट नंबर काढून घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. तो न जमल्यास जुना नग सोबत न्यावा आणि पूर्ण ताणलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी, खालच्या डोळ्याचा व्यास आणि वरच्या दांड्याचा आटा जुळवून पाहावा. नंदुरबार-शहाद्याकडे न मिळणारा माल जळगाव-धुळ्यातले दुकानदार पुण्याच्या नाना पेठेतून किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटमधून मागवतात. असा माल कपाटात किती वर्षे पडून होता ते डब्यावरच्या तारखेवरून पाहावे, कारण रबर आणि सील न वापरताही कडक होतात. बिल घेतल्याशिवाय वॉरंटीला अर्थ नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा २८ टक्क्यांच्या काळातील छापील किंमत कोणी पुढे केली तर तेवढे विचारावे.

सोबत घ्यायच्या वस्तूंत साध्या शॉकअबला फार काही लागत नाही; बुश सहसा डब्यात येतात. स्ट्रटसोबत वरचे माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (स्ट्रट पुरता दबला की ठोका झेलणारे रबर) आणि डस्ट कव्हर (दांड्यावरचे धूळ अडवणारे आवरण) घ्यावे, कारण ते बदलायला पुन्हा सगळा स्ट्रट उतरवावा लागतो आणि मजुरी दुप्पट होते. तेलाचा की गॅसचा, या वादात मी फारसा पडत नाही. कमी दाबाचा नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही आणि तापलेल्या रस्त्यावर त्याचा फायदा होतो, पण गाडीला मुळात जो होता तोच बसवणे सरळ.

बसवतानाही दोघांची रीत निराळी आहे. मागचा साधा शॉकअब सोडताना आसाखाली जॅक असलाच पाहिजे. ८०० मध्ये आस किती खाली लोंबेल याला शॉकअबच आवर घालत असतो, तो सुटला की स्प्रिंग निसटते आणि ब्रेकचा होज ताणला जातो. खालच्या बुशाचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्यावर, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. स्ट्रटवरची स्प्रिंग उतरवायला स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारे अवजार, लागतो. तो न लावता वरचा नट पुरता काढला तर दबलेली स्प्रिंग माणसाच्या तोंडावर येऊ शकते, म्हणून हे काम दोरी बांधून करणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणावी. खालच्या दोन बोल्टांपैकी एकाचे डोके एक्सेंट्रिक, म्हणजे केंद्र सरकलेले, दिसले तर काढण्याआधी त्यावर खूण करावी, कारण चाकाचा कोन त्यानेच ठरवलेला असतो. मागचे शॉकअब बदलल्यावर अशा आसाच्या गाडीला अलाइनमेंटची गरज नसते. स्ट्रट बदलल्यावर मात्र अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे आणि टो (चाकांची पुढची कड आत-बाहेर वळण्याचे माप) व कॅम्बर (चाकाचा उभा कोन) दोन्हींचे आधीचे-नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्यावा.