दोन-चार शेळ्यांच्या दुधातून साय आणि लोणी: मशीन घेण्याआधी हे वाचा

“बकरीना दूधले साय येस का, भाऊ?” चोपड्याच्या बाजारात दूध-दुभत्याची भांडी, रव्या, कॅन आणि दुधातून साय वेगळी काढणाऱ्या, हाताने फिरवायच्या क्रीम मशीन विकताना हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. विचारणारे कधी अडावद-धानोऱ्याकडचे असतात, कधी यावल-शिरपूरकडचे, तर कधी सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेले. दारात दोन-चार शेळ्या असतात. पिल्लांचं पोट भरून दोन-तीन लिटर दूध उरतं. चहाला लागेल तेवढं वापरलं की उरलेल्याचं करायचं काय, हा प्रश्न पडतो.

दुधाला साय धरत नाही, म्हणून मशीन घ्यायची असं ठरवून ते येतात. पूर्वी आम्हीही लगेच मशीन दाखवायचो. एका घरी दोन शेळ्या असताना आम्ही अशी मशीन विकली. ती आता माळ्यावर पडून आहे. त्या ताईंनी पैसे परत मागितले नाहीत, पण आम्हाला ते लागून राहिलं. हे पत्रक त्यामुळेच लिहिलं. रोजचं दूध पाच लिटरच्या आत असेल तर मशीन घेऊ नका. एक रवी, एक उभट डेरा किंवा स्टीलचा डबा आणि थोडं बर्फ एवढ्यावर काम होतं.

साय का धरत नाही?

दूध पातळ आहे किंवा शेळीत काही दोष आहे, असं समजू नका. शेळीच्या दुधात साधारण साडेतीन ते साडेचार टक्के फॅट असते, म्हणजे गाईच्या दुधाइतकीच किंवा थोडी जास्त. फरक आहे तो फॅटच्या थेंबांत. शेळीच्या दुधात हे थेंब फार बारीक असतात. गाईच्या दुधात थेंबांना एकमेकांना चिकटवून झुपके करणारं एक प्रथिन असतं आणि ते झुपके भराभर वर येतात. शेळीच्या दुधात ते जवळजवळ नसतं, म्हणून प्रत्येक बारीक थेंब एकेकटा आणि सावकाश वर चढतो. म्हशीच्या दुधात थेंब मोठे आणि फॅटही भरपूर, तिथे ही अडचण येत नाही. ज्यांनी आयुष्यभर म्हशीची जाड साय पाहिली, त्यांना शेळीचं दूध फसवं वाटतं. दुधात साय आहे, फक्त ती आपणहून वर येत नाही.

शेळीचं लोणी पांढरंशुभ्र का, असंही विचारतात. चाऱ्यातला पिवळा रंग शेळीच्या शरीरात अ जीवनसत्त्वात बदलतो, म्हणून तो लोण्यात उतरत नाही. पांढरा रंग हा भेसळीचा पुरावा नव्हे.

हिशेब आधी करा

दहा लिटर दुधात चार टक्के फॅट धरली तर सुमारे ४०० ग्रॅम फॅट होते. लोण्यात ८० टक्के फॅट आणि बाकी पाणी असतं, म्हणजे सगळं हाती लागलं तर अर्धा किलो लोणी. सगळं कधीच हाती लागत नाही. थोडं ताकात जातं, थोडं भांड्याला राहतं. एका लिटरामागे मोठ्या लिंबाएवढा गोळा निघाला तर समाधान माना. रोज दोन लिटर दूध असेल तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास लोणी होतं आणि ते घराला पुरतं. त्यासाठी मशीनवर एवढा पैसा घालण्यापेक्षा त्यात भर घालून आणखी एक चांगली दुभती शेळी घ्या, असंच आम्ही सांगू.

दही लावून लोणी: आमचा पहिला सल्ला

आपल्या आज्यांनी साय वेगळी काढायची खटपट केली नाही. अख्ख्या दुधाचं दही लावून ते घुसळलं. शेळीच्या दुधाला हीच रीत सगळ्यात जमते, कारण दही लागताना फॅट त्यात धरली जाते आणि घुसळताना ते बारीक थेंब एकमेकांवर आदळून एकत्र येतात. वर येण्याची वाट पाहावी लागत नाही.

धार काढली की दूध लगेच गाळून उकळा. कोमट झालं, म्हणजे बोट घातलं तर उबदार वाटेल इतपत, की लिटरामागे एक चमचा ताजं विरजण घाला. शेळीचं दही मऊ आणि थोडं पातळ लागतं. ते बिघडलेलं नसतं. लागलं की फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवसांचं जमवून एकदम घुसळलं तरी चालतं, पण त्याहून जास्त थांबू नका. दही आंबलं की शेळीचा उग्र वास त्यात चढतो.

घुसळताना सगळं काही गारव्यावर ठरतं. शेळीचं लोणी गाईच्या लोण्यापेक्षा मऊ असतं आणि लवकर पातळ होतं. दही १० ते १२ अंश गार हवं, म्हणजे डब्याला हात लावल्यावर बोटं गारठली पाहिजेत. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा माठाच्या पाण्यावर भिस्त ठेवू नका. बर्फाचं पाणीच लागतं, आणि काम पहाटे उरकलेलं बरं. डबा अर्धाच भरा. पूर्ण भरला तर नुसता फेस येतो, लोणी येत नाही.

आधी फेस येईल, मग दही जड होईल, मग अचानक रव्यासारखे कण दिसू लागतील. इथेच बरेच जण जोरात घुसळतात आणि सगळं परत विरतं. कण दिसले की थांबा, पेलाभर बर्फाचं पाणी घाला आणि रवी हलकेच फिरवा. कण ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की गोळा धरेल. अर्धा तास घुसळूनही काही नसेल, तर हात लावून पाहा. ओशट, तुपकट लागत असेल तर दही उबदार आहे, डबा बर्फात ठेवा. हाताला काहीच लागत नसेल आणि डबा बर्फगार असेल, तर जरा वेळ बाहेर ठेवून पुन्हा घुसळा.

गोळा गार पाण्यात दोन-तीनदा धुवा, पाणी निवळ येईपर्यंत. ताक आत राहिलं तर लोणी दोन दिवसांत आंबतं. कळण्याच्या भाकरीवर खायचं असेल तर ताजंच खा. ठेवायचं तर किलोला १५-२० ग्रॅम मीठ मळून फ्रीजरमध्ये ठेवा, किंवा मंद आचेवर कढवून तूप करा. बेरी तांबूस झाली की उतरवा, काळपट होऊ देऊ नका.

मिक्सरमध्येही जमतं. भांडं अर्धं भरा, बर्फाचे दोन-तीन खडे घाला आणि थांबून थांबूनच फिरवा. सलग फिरवलं तर पातं दही तापवतं.

ज्यांना सायच हवी आहे

दूध मंद आचेवर उकळा, पसरट पातेल्यात ओता, हलवू नका आणि निदान २४ तास फ्रिजमध्ये ठेवा. वर पातळ थर येतो, तो झाऱ्याने उचला. थोडी फॅट खाली राहणारच, त्या दुधाचा चहा चांगला होतो. रोजची साय डब्यात साठवून फ्रीजरमध्ये टाका आणि आठवड्याने एकदम घुसळा. ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर राहिली तर वास येतो.

वास कशाने येतो, चव कुठून येते

बोकड दुभत्या शेळ्यांजवळ बांधू नका, निदान धार काढताना तरी नाही. कास धुवून, पुसून घ्या. दूध उशिरा उकळलं तरी वास येतो, कारण दुधातलं एक विकर फॅट फोडतं आणि मग ती शेळकट चव येते. लवकर उकळलं की ते बंद होतं.

फॅट शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त असते. कास पूर्ण रिकामी न करता उठलात तर साय कासेतच राहिली समजा. पिल्लाला आधी पाजून घ्या आणि शेवटच्या धारा तुम्ही काढा. चाऱ्यात सुका चारा कमी पडला तरी फॅट उतरते. नुसता हिरवा पाला आणि भरडा घातला तर दूध वाढतं पण फॅट पातळ होते. तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला हे आपल्याकडे कमी पैशात मिळतं. गावच्या दूध संकलन केंद्रावर एकदा दुधाची फॅट तपासून पाहा, मग अंदाजाने बोलावं लागणार नाही.

न उकळलेलं दूध मुळीच नको

यावर आम्ही कुणाशी वाद घालत नाही. शेळ्यांमध्ये ब्रुसेलोसिस नावाचा रोग असतो. तो कच्च्या दुधातून आणि कच्च्या सायीतून माणसाला होतो. येऊन-जाऊन ताप, सांधेदुखी, महिनोन्महिने अशक्तपणा राहतो. कळपात शेळ्या गाभडत असतील तर पशुवैद्यकाला दाखवा, आणि तोवर दूध घरात वापरू नका. शेळीचं दूध पचायला हलकं म्हणून ज्यांना गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे त्यांना देऊ नका, त्यांना यानेही तसाच त्रास होऊ शकतो.

मशीन कधी घ्यावी

रोज आठ-दहा लिटरच्या वर दूध असेल, किंवा शेजारची चार-पाच घरं मिळून तेवढं जमत असेल, तर जरूर घ्या. दूध ओतत राहिलं तरी न थांबता साय काढणारी अशी मशीन १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल यांनी बनवली. मशीनच्या आतली वाटी मिनिटाला हजारो फेरे घेते, जड दूध बाहेर ढकललं जातं आणि हलकी साय मधे राहते. शेळीच्या दुधाला हीच खरी युक्ती, कारण इथे थेंब बारीक असले तरी फिरकीपुढे त्यांचं चालत नाही.

दूध ३५ ते ४० अंश असावं, धारोष्ण किंवा तितपत गरम केलेलं. थंड दूध घातलं तर बरीच फॅट साय काढलेल्या दुधात निघून जाते. मूठ मिनिटाला साधारण ६० फेरे फिरवून वेग धरला की मगच तोटी सोडा. साय फार दाट येत असेल तर स्क्रू थोडा फिरवून पाहा. सुमारे दहा लिटर दुधातून एक लिटर साय यावी. नंतर ती उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून ७५ अंशांपर्यंत तापवा आणि मगच गार करा. साय काढलेलं दूधही उकळा. त्याचं पनीर किंवा कढी उत्तम होते.

धुण्याचं काम कंटाळवाणं असतं, पण त्याला पर्याय नाही. वाटीतल्या चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने बसवा. आधी कोमट पाणी, मग साबण, मग उकळतं पाणी. आधीच उकळतं पाणी ओतलं तर दूध चकत्यांना भाजून बसतं. रबराची रिंग कोरडी करून ठेवा. ती फाटली की दूध खाली गळतं आणि लोकांना मशीनच बिघडली असं वाटतं.

विकत घेण्याआधी दुकानात येऊन तुमचंच दूध आमच्या मशीनमधून काढून पाहा, त्याचे पैसे घेत नाही. साय किती आली ते तुमच्यासमोर मोजू आणि तुमच्या घराला मशीन परवडते की रवी, ते तिथेच ठरवू. येताना निदान पाच लिटर ताजं, गाळलेलं दूध आणा, आणि सोबत दोन रिकामे डबे: एक सायीसाठी, एक उरलेल्या दुधासाठी.